वीतभर कीबोर्ड

मंगळवार, ११ मार्च

कॉम्प्युटर दुकानाचे मालक यांस,

शुक्रवार, २८ फेब्रुवारी, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी तुमच्या दुकानात माझ्या पत्राची वाट लागली. तारीख आणि वेळ आधी लिहिली, कारण कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला शिकवलं होतं की तक्रारीत पहिली तारीख, मग वेळ, मग घडलं ते, आणि राग शेवटी, जागा उरल्यास. मी जागा ठेवून लिहिते आहे.

तुम्ही माझ्या टायपिंग क्लासचे विद्यार्थी. बटणं बडवून बडवून कागदाला भोकं पाडायचात म्हणून मीच तुमचं नाव टकटक्या ठेवलं होतं. एरवी मी तुम्हाला अरे-तुरे करते. आज करणार नाही. आज मी गिऱ्हाईक आहे.

घडलं ते असं. माझ्या थोरल्या बहिणीला डिसेंबरात झटका आला. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. तिला ऐकू येतं, समजतं, पण जीभ आणि ओठ कह्यात नाहीत. जानेवारीपासून ती पुनर्वसन केंद्रात आहे आणि रोज दोन ते सहा मी तिच्या खाटेशी असते, टायपिंगची घेतलेली कामंही तिथेच बसून करते. ३१ मार्चला तिला सोडणार आहेत. तिथून ती कुठे जाणार, हे तिच्या मुलाने, म्हणजे माझ्या भाच्याने, केंद्राला २८ तारखेपर्यंत कळवायचं आहे. तो लांबच्या शहरात असतो. फोनवर "बघू गं मावशी" म्हणतो आणि बघत नाही. म्हणून मी त्याला पत्र लिहायला घेतलं, की ताई माझ्याकडे राहील. तुमच्याकडूनच घेतलेल्या त्या चिमुकल्या लॅपटॉपवर, तिच्या खाटेशी बसून, दोन पानं टाइप केली. पेनड्राइव्हवर घेतली, तुमच्या दुकानात छापली, तिथेच पाकिटात घातली आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकली.

काल भाच्याचं उत्तर आलं. लिहितो, "मावशी, वर लिहितेस की आई तुझ्याकडे राहील. त्याच्या खाली, सगळे शब्द एकमेकांना चिकटवून, लिहितेस की मला कुणाकडे नाही जायचं माझं घर आहे. तुला कुठे कोण पाठवतंय? तू बरी आहेस ना? मला वाटतं आता तुझ्यावर हा भार नको. आईसाठी मी एका वृद्धांच्या संस्थेत खोली बघून ठेवली आहे."

पाहिलंत? ते वाक्य माझं नाही. मी सत्तरीची आहे, वेडी नाही. मी अडतीस वर्षं मुलामुलींना एकच गोष्ट शिकवली, नजर मसुद्यावर आणि बोटं यंत्रावर. मी मसुदा हाताने लिहिते, तो बाजूला ठेवून टाइप करते आणि पडद्याकडे बघत नाही. झाल्यावर परत वाचतही नाही, कारण मला कधी लागलेलं नाही. मसुदा माझ्याजवळ आहे. त्यात ते वाक्य नाही. तेव्हा उघड आहे की छापताना तुमच्या दुकानात दुसऱ्या कुणाचा तरी मजकूर माझ्या पत्रात घुसला. तुमच्या एका ओळीपायी माझी बहीण अनोळखी माणसांत जाऊन पडणार आहे.

चूक कबूल करा. तीही भाच्याला दाखवता येईल अशी, दुकानाच्या कागदावर.

गिऱ्हाईक


शुक्रवार, १४ मार्च

बाई,

सा. न. तुमचं पत्र दुकानात उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. "तुम्ही" म्हणालात तिथे घाम फुटला. परीक्षेत नापास झालो होतो तेव्हासुद्धा तुम्ही मला "तू"च म्हणाला होतात.

आधी यंत्राबद्दल खरं ते सांगतो. तुम्हाला दिला तो लॅपटॉप माझ्या शोकेसमध्ये वर्षभर पडून होता. लोक येत, उचलत, "खेळणं आहे का?" म्हणत आणि ठेवून देत. तुम्ही म्हणालात, हलका पाहिजे, स्वस्त पाहिजे, दोन बस बदलून रोज न्यायचा आहे. मला वाटलं, तुमचीही सोय आणि माझीही सुटका. पडदा लहान, बटणं लहान, चालायला मंद, फाइली साठवायला पोटात जागा थोडी. हे मी त्या दिवशी भरभर सांगितलं, आज सावकाश लिहितो. नको असेल तर परत आणा. मोठा घेऊन जा, वर काही देऊ नका.

आता छपाईचं. बाई, माझ्या दुकानात एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फाइलमध्ये जायला वाटच नाही. तरी तुमच्या शब्दाला मान म्हणून शोधलं. छापताना तुमची फाइल पेनड्राइव्हवरून दुकानाच्या कॉम्प्युटरवर उतरवली होती, ती पुसायची राहून गेली होती. उघडली. ते वाक्य तिच्यात आहे, तुमचे भाचे म्हणतात तिथेच. म्हणजे फाइल माझ्याकडे आली तेव्हाच ते होतं.

फाइलीत शेवटचा बदल कधी झाला ते कळतं, कारण दर थोड्या वेळाने आपोआप साठवायची सोय मी तुम्हाला लावून दिली होती. तिथे वेळ आहे २८ फेब्रुवारी, दुपारी तीन वाजून सव्वीस मिनिटं. तेव्हा तुम्ही टाइप करत होतात का, एवढं आठवून कळवाल?

चूक माझी निघाली तर दुकानाच्या कागदावर, शिक्क्यासकट लिहून देईन. ताईंना माझा नमस्कार सांगा. लहानपणी माझ्या शाळेच्या चड्ड्या त्यांनीच शिवल्या होत्या, हे त्यांना आठवत नसेल.

तुमचा
टकटक्या


सोमवार, १७ मार्च

टकटक्या,

शोधाशोध केलीस म्हणून "तू"वर आले. माफ केलेलं नाही.

तीन वाजून सव्वीस मिनिटांनी मी टाइप करत नव्हते. तीन वाजता माझं पत्र पुरं झालं. तीन ते साडेतीन मी खाली कॅन्टीनमध्ये चहा पिते. ही माझी रोजची वेळ आहे आणि तिथला चहा इतका वाईट आहे की तो संपायला अर्धा तास लागतो. लॅपटॉप वर उघडाच होता, ताईच्या खाटेवर ओढून घ्यायचं ते चाकांचं टेबल असतं ना, त्याच्यावर. साडेतीनला येऊन मी पेनड्राइव्ह लावला, तू शिकवल्याप्रमाणे काढून घेतला आणि त्या दिवशी पत्र छापायचं म्हणून चारलाच निघाले. म्हणजे तुझं हे यंत्र माझ्या पाठीमागे आपल्या मनाने लिहितं. दुकानातल्या चुकीपेक्षा हे वाईट.

मोठा लॅपटॉप मला नको. का नको तेही ऐक, नाहीतर तुला वाटेल म्हातारी हट्टाला पेटली. तो मोठा तू मला त्या वेळी हातात दिला होतास. तो पिशवीत घालून मी दोन बस बदलल्या असत्या तर ताईच्या शेजारची खाट मलाच लागली असती. तुझं खेळणं माझ्या पर्समध्ये, चष्म्याच्या घरावर मावतं. खाटेपाशी प्लग एकच आहे आणि त्यावर ताईच्या हवेच्या गादीचा पंप चालतो. तो काढला तर तिच्या पाठीला जखमा होतील. हा सकाळी घरून भरून नेला की सहापर्यंत पुरतो आणि वर उरतो. त्याच्यात पंखा घरघरत नाही, त्यामुळे ताईची झोप मोडत नाही. याबद्दल मी मनातल्या मनात तुला बरं म्हटलेलं आहे. आज कागदावर म्हणते, कारण आता शिव्या देणार आहे.

बटणं इतकी जवळ की माझी दहा बोटं त्यावर शेजारणींसारखी भांडतात. तो जागा होईस्तोवर माझा चष्मा पुसून होतो. पडद्यावर माझ्या डोळ्यांना झेपतील एवढी अक्षरं केली की जेमतेम आठ ओळी दिसतात, बाकीचं पत्र वर कुठे गेलं ते देव जाणे. पेनड्राइव्ह लावताना समोर शेवटच्या आठ ओळी होत्या. त्या माझ्याच होत्या, सहीसकट. ते उपरं वाक्य पहिल्या पानाच्या मध्यावर, माझ्या नजरेच्या वर दडून बसलेलं होतं. मोठ्या पडद्यावर कदाचित दिसलं असतं. हे मी मान्य करते, पण त्याने यंत्राचा गुन्हा कमी होत नाही.

आता तू विचारशील, दुसऱ्या कुणी हात लावला का. नाही. तीन ते साडेतीन तिथल्या मदतनीस बायकांची जेवणाची सुट्टी असते, खोलीचं दार लोटलेलं असतं. खोलीत फक्त ताई. ती उशीला टेकून बसलेली, डावा हात पांघरुणावर, टेबल समोर. दुसरं कुणीही नव्हतं.

भाच्याने संस्थेच्या खोलीचा फोटो पाठवला आहे. भिंती हिरव्या आहेत. मी तो ताईला दाखवला नाही. मी तिला म्हटलं, "तू काळजी करू नकोस, तुला माझ्याकडेच यायचं आहे ना?" तिने मान हलवली. ती नेहमी मान हलवते. बिचारीला तेवढंच येतं.

अकरा दिवस उरले आहेत. यंत्र आपोआप का लिहितं ते शोध.

बाई


बुधवार, १९ मार्च

बाई,

रागावू नका. किंवा रागवा, पण पत्र शेवटपर्यंत वाचा.

तुमच्या पत्रात तुम्हीच उत्तर दिलं आहे. यंत्र आपल्या मनाने लिहीत नाही. ते इतकं हुशार असतं तर मी ते स्वस्तात विकलं नसतं. तीन वाजून सव्वीस मिनिटांनी खोलीत एकच माणूस होतं, त्यांच्यासमोर टेबल होतं, टेबलावर यंत्र उघडं होतं, आणि त्यांचा डावा हात पांघरुणावर मोकळा होता.

काल संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी तसलाच एक जुना लॅपटॉप काढला आणि माझी डावी वीत कीबोर्डवर ठेवली. अंगठा एका टोकाला, करंगळी दुसऱ्या टोकाला. सगळा कीबोर्ड त्या एका वितीत बसला. मग मोठ्या लॅपटॉपवर ठेवून बघितली. अर्ध्या वाटेत हात संपला, खांदा सरकवावा लागला. बाई, ज्या बटणांवर तुमची दहा बोटं भांडतात, त्यावर एका हाताला उठावंच लागत नाही. आणि ताईंनी जानेवारीपासून रोज चार तास तुम्हाला टाइप करताना बघितलं आहे. तुमच्या हाताखाली मी आठ महिन्यांत जेवढं शिकलो नाही तेवढं त्या नुसतं बघून शिकल्या असतील. बाणाचं बटण दाबत त्या तुमच्या त्या ओळीपर्यंत वर गेल्या आणि लिहून झाल्यावर तशाच परत खाली आल्या असतील.

शब्द चिकटलेले होते, कारण मधली मोकळी जागा सोडायला मोठं बटण दाबायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. तुम्ही ते अंगठ्याने दाबता, त्यांना तिथून दिसलं नसेल.

एक करा. उद्या मसुदा नेऊ नका. कोरं पान उघडा, अक्षरं मोठी करा. शिफ्टचं बटण लागोपाठ पाच वेळा दाबा, एक चौकट येईल, तिला "हो" म्हणा. मग शिफ्ट आणि दुसरं बटण एकदम धरावं लागत नाही, एकामागून एक दाबलं तरी चालतं. एका हाताच्या माणसासाठीच ती सोय असते. मोकळी जागा सोडायचं बटण त्यांना दाखवा, टेबल डावीकडे ओढून द्या, आणि तीन वाजता चहाला जा.

आणि आल्यावर, बाई, पडद्याकडे बघा. विद्यार्थ्याने हे म्हणणं बरं नाही, पण म्हणतो.

टकटक्या


शुक्रवार, २१ मार्च

टकटक्या,

तुझं पत्र वाचून मी पहिल्यांदा फाडलं. मग दोन्ही तुकडे चिकटपट्टीने जोडून पर्समध्ये ठेवले.

काल मी तू सांगितलंस तसं केलं. शिफ्ट पाच वेळा. चौकट आली, तिला हो म्हटलं. ताईला म्हटलं, "हे लांब बटण शब्दांच्या मध्ये." ती माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी मी तिच्या वहीत शाई सांडली होती तेव्हा अशीच बघत होती. तीन वाजता चहाला गेले आणि चहा न पिता परत आले. दाराबाहेर खुर्चीवर बसले. आतून टक, टक असा आवाज येत होता. एका अक्षरानंतर दुसरं अक्षर यायला इतका वेळ की मधे मला वाटायचं, संपलं. मग पुन्हा टक.

साडेतीनला आत गेले. चष्मा लावला. पडद्याकडे बघितलं.

पडद्यावर होतं, "तू वाचत नाहीस."

मी खुर्ची ओढून तिच्या खांद्याशी बसले. मग म्हटलं, "अगं, मग सांगायचं ना."

तिने लिहिलं. मी तिच्या खांद्यावरून बघत होते, एकेक अक्षर. "सांगितलं. तू पोस्टात टाकलंस."

बरं झालं, त्या वेळी खोलीत दुसरं कुणी नव्हतं. दोन म्हाताऱ्या, एक बोलता न येणारी आणि एक बोलायची न थांबणारी, हसता हसता रडत होत्या, हे दृश्य चारचौघांत शोभलं नसतं. तिचं हसणं एका बाजूनेच होतं, पण आवाज तोच आहे. तीन महिन्यांत मी तो ऐकला नव्हता.

मग मी विचारलं, "माझ्याकडे का नाही यायचं?"

"तू भरवशील."

"मग भरवीन. त्यात काय?"

"त्यातच."

"मी न्हाणीघरात हँडल बसवून घेतलं आहे."

"ते तुलाच लागेल."

"तुझ्यासाठी खिडकीपाशी खाट लावली, पडदे केले."

तिने लिहिलं, "कुठल्या रंगाचे?"

म्हटलं, "पिवळे." तिने लिहिलं, "शी."

तू तिला ओळखतोस. चाळीस वर्षं ती घरच्या खिडकीपाशी शिवणयंत्रावर बसली. उजव्या हाताने चाक, डाव्याने कापड. मी तिला म्हटलं की तुझा डावा हात अजून किती सरळ चालतो. तिने लिहिलं, "कापड हाच सरकवायचा." तिला तिची खिडकी पाहिजे, तिचं यंत्र पाहिजे, शिवता आलं नाही तरी त्याच्यापाशी बसायला पाहिजे. दिवसा मदतीला बाई ठेवायला ती तयार आहे. खालच्या मजल्यावरची शेजारीण तिची जुनी मैत्रीण आहे. तिने सगळा विचार करून ठेवलेला होता. फेब्रुवारीतच ठेवलेला होता. मी विचारलं, "मी म्हणायचे माझ्याकडे यायचं ना, आणि तू मान हलवायचीस, ते?" तिने लिहिलं, "नाही म्हणत होते."

टकटक्या, मी तिच्या वतीने डॉक्टरांशी बोलले, भाच्याशी बोलले, तिच्या मैत्रिणींना सांगितलं. सगळ्यांना म्हटलं ताईची इच्छा अशी, ताईला आवडतं तसं. ती इच्छा माझी होती. क्लास बंद केल्यापासून माझ्या घरात दुसऱ्या माणसाचा आवाज नाही. मला ताई हवी होती, आणि ती बोलत नाही हे मला कुठेतरी सोयीचं वाटलं असेल. हे मी तुला लिहिते आहे, कारण तुला एकदा नापास केलेलं आहे. तुझ्यापुढे मलाही एकदा नापास व्हायला हरकत नाही.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, दुकानदार सबबी सांगतो आहे. दुसरं आलं तेव्हा वाटलं, आगाऊ झाला आहे. काल कळलं की तू दोन्ही वेळा मी लिहिलेलं नीट वाचत होतास. माझ्या बहिणीने तीन महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी भांडण केलं, ते तुझ्यामुळे. मी तुझी आभारी आहे. असं मी क्लासमध्ये कुणाला म्हटल्याचं तुला आठवत असेल तर सांग.

दुकानाच्या कागदावरची कबुली नको. आज ताईने भाच्याला पत्र लिहायला घेतलं आहे. सहापर्यंत चार ओळी झाल्या. मी मधे एकही शब्द सुचवला नाही, हे माझ्या नावावर लिहून ठेव.

बाई


सोमवार, २४ मार्च

बाई,

तुमचं पत्र मी बायकोला वाचून दाखवायला घेतलं आणि पडद्यांच्या रंगापाशी अडलो. उरलेलं तिने वाचलं.

आभार माझे मानू नका. तुमच्या क्लासच्या शेवटच्या बाकावर मी मसुद्याऐवजी बोटांकडे बघायचो म्हणून तुम्ही माझ्या हातांवर रुमाल टाकायचात. नापास झाल्यावर तुम्हीच म्हणालात, "तुला टाइप येणार नाही, पण यंत्र उघडून बघायची तुला खोड आहे, ती सोडू नकोस," आणि क्लासची तीन नादुरुस्त यंत्रं मला घरी न्यायला दिलीत. त्यातून हे दुकान उभं राहिलं. हे कधी सांगायचं राहून गेलं, म्हणून आज लिहितो.

आता जरा काळजीचं. ताईंना हे यंत्र लागणार आहे तर त्याचे दोष त्यांना आधीच माहीत हवेत. त्याच्या पोटातली जागा वाढवता येत नाही, ती बोर्डावर कायमची बसवलेली असते. भरली की यंत्र अडून बसतं. म्हणून त्यात फोटो, सिनेमे काही घालू नका. यंत्र अद्ययावत करण्याची सूचना आली तर मला विचारल्याशिवाय "हो" म्हणू नका. बिजागरी नाजूक आहे, झाकण एका कोपऱ्याला धरून उघडू नका, मधोमध धरा. बॅटरी दोनेक वर्षांत थकेल. असल्या स्वस्त यंत्राची दुरुस्ती कंपनी मनावर घेत नाही, "नवीन घ्या" म्हणते. मोठ्या यंत्रांना हे दोष कमी असतात, पण ती ताईंच्या वितीत बसत नाहीत. तेव्हा यातलंच चांगलं ते सांभाळायचं.

ताईंच्या चार ओळींचं पुढे काय झालं ते कळवा. २८ तारीख जवळ आली.

टकटक्या


बुधवार, २६ मार्च

टकटक्या,

टपालाला वेळ नाही म्हणून हे पत्र केंद्रातल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंच्या हाती पाठवते आहे. त्या तुझ्या दुकानावरून घरी जातात.

ताईच्या चार ओळींच्या अकरा झाल्या. तीन दुपारी लागल्या. याच बाईंनी ते पत्र ईमेलने भाच्याला पाठवलं. त्यात काय होतं ते मी सांगणार नाही, ते तिचं आणि तिच्या मुलाचं. एवढंच सांगते की शेवटची ओळ होती, "मावशीवर रागावू नकोस, ती फक्त वाचत नाही." मी ती खोडायला सांगितली. तिने खोडली नाही.

भाच्याने आधी फोन केला. तो केंद्राच्या फोनवर बोलला, मी फोन ताईच्या कानाला धरला आणि ती डाव्या हाताने उत्तरं टाइप करत होती, मी ती त्याला वाचून दाखवत होते. जशीच्या तशी. एकदा तिने त्याला "गाढवा" लिहिलं, तेही वाचलं. तेव्हा पलीकडून तो म्हणाला, "मावशी, हे आईच बोलते आहे."

संस्थेतली खोली त्याने सोडून दिली. ताई ३१ तारखेला तिच्या घरी जाणार, असं ठरलं आहे. काल सकाळी त्याचा ईमेल आला आणि त्यात त्याने एक अट घातली आहे. ती चुकीची नाही, म्हणून मला त्याला टोमणाही मारता येईना. तो म्हणतो, दिवसाची बाई असेल, शेजारीण असेल, मावशी येत-जात राहील, पण आईची हाक आता या यंत्रातून आहे. पडली, दुखलं, घाबरली, तर ती यातूनच शेजारणीला आणि मावशीला निरोप धाडणार. यंत्र बंद पडलं तर ती पुन्हा मुकी. तेव्हा ते कोण सांभाळणार, बिघडलं तर कोण आणि किती वेळात येणार, हे त्या माणसाने स्वतः लिहून द्यावं, आणि तो कागद केंद्राच्या फॉर्मला जोडावा. तोंडी चालणार नाही. तो कागद नसेल तर आई घरी एकटी राहणार नाही.

मी ताईला विचारलं, "टकटक्याला सांगू?" तिने लिहिलं, "मी सांगते." ते तिने काल दुपारी लिहिलं आणि मी केंद्राच्या ऑफिसात छापून घेतलं. छापायच्या आधी दोनदा वाचलं. सोबत जोडते. त्यात आहे ते असं:

"टकटक्या, चड्ड्या आठवतात. तुझ्या खिशांना मी दुहेरी शिवण घालायचे, तू त्यात खिळे ठेवायचास. हे यंत्र छोटं आहे म्हणून माझ्या हाताला पुरतं. पण ते नाजूक आहे, मीही आहे. मला दोघांनाही घरी न्यायचं आहे. येशील का?"

हे लिहायला तिला दीड तास लागला. मधे तिचा हात दमला, तेव्हा मी म्हटलं, बाकीचं मी लिहू का. तिने टेबल माझ्यापासून लांब ओढलं.

तेव्हा आता तुझ्याकडून मला पुढच्या गोष्टी हव्यात, दुकानाच्या कागदावर, शिक्क्यासकट, आणि तुझ्या स्वतःच्या हस्ताक्षरात, छापून नाही. यंत्र बिघडल्याचा निरोप मिळाला तर तू त्याच दिवशी ताईच्या घरी येशील की नाही. दुरुस्तीला न्यायचं झालं तर तेवढ्या दिवसांसाठी तिच्या वितीत बसेल असं दुसरं यंत्र ठेवून जाशील की नाही. तो जुना लॅपटॉप, ज्यावर तू वीत मोजलीस, तो विकू नकोस, असं मी म्हणेन, पण ते तू ठरव. आणि तू आजारी किंवा गावाला असलास तर तुझ्या जागी कोण येईल. "नाही" म्हणायचं असेल तर तेही स्पष्ट लिही. तुझ्यावर एवढं ओझं टाकायचा मला हक्क नाही, हे मला समजतं. तू आत्तापर्यंत जे केलंस त्याचं ऋण तुझ्या नकाराने कमी होणार नाही. ताईला मी तसं सांगितलं आहे. तिने मान हलवली. या वेळी मी विचारलं, हो की नाही. तिने लिहिलं, "हो."

उत्तर माझ्या नावाने पाठवू नकोस. ताईच्या नावाने पाठव, पाकीट तीच उघडेल. मसुदा नको, आश्वासनं नकोत, फोन तर नकोच. केंद्राचं ऑफिस बाराला फॉर्म घेतं आणि बारा वाजून एक मिनिटाने खिडकी बंद करतं. शुक्रवार, २८ मार्च, सकाळी अकरा वाजायच्या आत ताईच्या हातात तुझं लेखी उत्तर पाहिजे.

बाई